उघडा की!

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि चावीकाका एका पितळी कुलपाला कान लावून बसले होते. कुलूप सायकलच्या साखळीचं, सायकल एका मास्तरांची, आणि मास्तर समोर उभे राहून “घाई नाही, सावकाश होऊ द्या” असं दर मिनिटाला म्हणत होते. किल्ली त्यांनी अगदी जपून ठेवली होती. कुठे, तेवढं आठवत नव्हतं.

काकांच्या हातात टोकाला वाकवलेली तार होती. तार आत सारायची, आतल्या पट्ट्या हलकेच उचलायच्या आणि पट्टी जागेवर बसताना होणारा बारीक ‘टुक्’ ऐकायचा, एवढीच ही विद्या. डोळ्यांचं तिच्यात काही काम नाही. शेजारून ट्रक गेला तरी काकांना टुक् ऐकू येतो, अशी त्यांची ख्याती. आज रस्ता बऱ्यापैकी शांत होता आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

“आज विचारलं नाहीत, काका?” मास्तर म्हणाले.

“काय?”

“ते तुमचं नेहमीचं. उघडू का?”

काकांनी मान वर केली नाही. “तुमचंच कुलूप, तुम्हीच घेऊन आलात. त्यात विचारायचं काय?”

“वा! आमच्या घराचं दार उघडायला आलात तेव्हा आम्ही तिघं पायरीवर पिशव्या घेऊन बसलो होतो. तेव्हाही विचारलंत. सासूबाई काय म्हणाल्या आठवतं ना? ‘नको, राहू दे. आम्ही इथंच पायरीवर संसार थाटतो.’”

हा किस्सा मास्तर भेटेल त्याला सांगत आणि काका दर वेळी हसत. आज ते हसले नाहीत. तार त्यांनी बाहेर काढली, पुसली, पुन्हा आत घातली. ते विचारणार होते. सकाळी कुलूप हातात घेतल्या घेतल्या ‘उघडू का’ हे शब्द सवयीनं जिभेवर आले आणि तिथंच अडकले. चाळीसेक वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

काकांना हा धंदा त्यांच्या मामांनी शिकवला. मामा बोलायला कमी आणि टपली मारायला पुढे. त्यांचा एकच नियम होता, ‘आधी तोंड, मग तार’. कुलपाला हात लावायच्या आधी ज्याचं कुलूप त्याला विचारायचं, मोठ्यानं विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. पोरवयात काकांना हे खुळचटपणाचं वाटायचं. बोलावलंय म्हणजे उघडायचंच आहे की. मग एक दिवस एका गृहस्थानं हातगाडीवर घालून एक ट्रंक आणली. किल्ली हरवली म्हणाला. मामांनी विचारलं, “उघडू का?” गृहस्थ म्हणाला, “हो, हो.” मामांनी पुन्हा विचारलं, “आत काय आहे?” गृहस्थ गडबडला. साड्या, म्हणाला. मामा म्हणाले, “मग साड्या नेसणारीला पाठवा.” ट्रंक आली तशी परत गेली. त्यानंतर काकांनी कधी न विचारता तार घातली नाही. घराचे मालक असोत, बँकेचे साहेब असोत, नाहीतर न्हाणीघरात अडकलेलं पोर असो, काका दाराबाहेरून विचारणार, “उघडू का?” लोक थट्टा करत, पण बोलावत काकांनाच.

पोलीसही बोलावत. काकांचा ठेला ठाण्याच्या कंपाउंडलाच टेकलेला. मामांनी तिथं पहिल्यांदा पेटी मांडली तेव्हा भिंतही नव्हती, कुंपणाची तार होती. पुढे भिंत आली आणि ठेला भिंतीचाच भाग असल्यासारखा राहिला. ठाण्यातली कपाटं, बेवारस गाड्या, हवालदारांच्या सुटकेसा, सगळं काकांकडे येई. कधी पंच म्हणून दोन ओळखीची माणसं हवी असली तरी काकाच शोधून देत. या शेजाराचा कधी तोटा झाला नव्हता. गेल्या महिन्यापर्यंत.

दोन गल्ल्या सोडून मापताई राहतात. बायकांचे कपडे शिवतात. पन्नाशीच्या, एकट्या, घर आईचं. दोन खोल्या आणि पुढे रस्त्याच्या बाजूला वेगळ्या दाराची एक खोली, ती भाड्यानं दिलेली. मापताई हे नाव पडलं त्याचं कारण असं, की साऱ्या परिसरातल्या बायकांची मापं त्यांच्या डोक्यात असत आणि तोंडात कधी येत नसत. एखादी सहज विचारून बघे, “आमच्या जाऊबाईंची कंबर आता किती हो झाली असेल?” मापताई टाचणी ओठांत धरूनच सांगत, “कंबर त्यांची आहे. त्यांनाच विचारा.”

काकांचं त्यांच्याशी भाऊ-ताईचं नातं. चारेक वर्षांपूर्वी त्यांनी काकांना बोलावून कपाटातल्या चोरकप्प्याला नवीन कुलूप बसवून घेतलं. दुसऱ्या कुठल्याही किल्लीनं उघडणार नाही असं पाहिजे, म्हणाल्या. काकांनी बसवलं आणि वर गंमत केली, “ताई, याची दुसरी किल्ली फक्त माझ्या डोक्यात. आणि डोकं मी कुणाला देत नाही.” मापताई हसल्या होत्या. किल्ली गोफात ओवून त्यांनी गळ्यात घातली. कप्प्यात काय ठेवणार हे काकांनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी हवालदार ठेल्यावर आला. “काका, पेटी घ्या. झडती आहे.”

झडती मापताईंच्या भाडेकरूची होती. तरुण, अबोल माणूस, सराफाच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. कारखान्यातून बारीक खड्यांची एक पुडी गेली होती आणि संशय त्याच्यावर होता. फौजदारसाहेबांकडे कोर्टाचा कागद होता. काका पोचले तेव्हा पुढची खोली उलटीपालटी करून झाली होती. गादी फाडलेली, डबे पालथे, आणि हाती काही नाही. फौजदार घामेजले होते. वरून दोनदा फोन येऊन गेला होता. ते मधल्या दारातून सरळ मापताईंच्या घरात शिरले आणि पाठोपाठ हवालदार, दोन पंच, नि शेवटी पेटी सांभाळत काका.

मापताई मशीनवरून उठल्या. “हे काय? कागदावर पुढची खोली लिहिलीय. मघाशी मी वाचलाय तो.”

“घर एकच ना, बाई?” फौजदार म्हणाले.

“दारं दोन आहेत. कुलपंही दोन आहेत. भाड्याची खोली तुम्ही बघितलीत. इथं माझं बिऱ्हाड आहे.”

“मधलं दार आहे की नाही? त्यानं इकडे आणून ठेवलं नाही कशावरून?”

बोलता बोलता कपाट उघडून झालं होतं. ते उघडंच असे. कापडाचे गठ्ठे खाली आले, शिवायला आलेल्या झंपरांचे ढीग आले. राहिला चोरकप्पा. फौजदारांनी किल्ली मागितली. मापताईंनी गळ्यातल्या गोफावर तळवा ठेवला. झडतीला बाई शिपाई आणलेली नव्हती.

“बाईमाणसाला आम्ही हात लावत नाही,” फौजदार मोठ्या सभ्यपणे म्हणाले. “काका, तुम्ही उघडा.”

काकांनी पेटी खाली ठेवली. दारात आणि खिडकीत तोवर बायका जमल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांचे कपडे त्या जमिनीवरच्या ढिगात होते. काकांनी तार काढली आणि सवयीनं, अगदी नियमाला धरून, मापताईंकडे वळून विचारलं, “ताई, उघडू का?”

मापताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “उघडा की! गल्ली जमलीच आहे, मलाही उघडी करून बघा.”

फौजदार म्हणाले, “चला. परवानगी मिळाली.”

काकांचा हात तारेसकट कुलपाजवळ थांबला. फार नाही, एखादा श्वास घेण्याइतका. मग तार आत गेली. कुलूप त्यांनीच बसवलेलं होतं, त्यामुळे वेळ लागला नाही.

आत कसलीही पुडी नव्हती. काही दवाखान्याचे कागद होते आणि एक कापडी वस्तू होती. गोल, मऊ, मुठीहून मोठी, अंगाच्या रंगाच्या सुती कापडात बारीक टाक्यांनी शिवलेली, एका बाजूला सपाट. हवालदारानं ती उचलली. वजनदार लागली, आत काहीतरी बारीक सरकत होतं. “साहेब, यात आहे काहीतरी.” मापताई पुढे झाल्या, “ते ठेवा,” म्हणाल्या, एकदाच, हळू. हवालदारानं मशीनवरची त्यांचीच कात्री घेतली आणि शिवण कापली.

मोहरी होती. कापसाच्या आत वजनासाठी भरलेली मोहरी. ती जमिनीवर सांडली आणि चौफेर पळत गेली, मशीनखाली, पंचांच्या चपलांखाली, उंबऱ्यापर्यंत. पुरुषांना काही कळेना. दारातल्या बायकांना कळलं. त्यांच्यातली एक “अगं बाई” म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मग सगळ्यांच्या नजरा मापताईंच्या छातीकडे गेल्या. मग एकेकीच्या खाली गेल्या. काकांना कळायला त्या नजरा पुरल्या. मापताईंचं ऑपरेशन झालं होतं, चार वर्षांपूर्वी, कप्प्याला कुलूप बसलं त्याच सुमाराला. एक बाजू काढून टाकलेली होती. कुणालाही न सांगता त्या एकट्या जाऊन आल्या होत्या आणि स्वतःच्या मापाच्या दोन वस्तू स्वतः शिवून एक अंगावर वापरत होत्या नि दुसरी चोरकप्प्यात ठेवत होत्या.

खड्यांची पुडी पुढच्या आठवड्यात कारखान्यातच सापडली, पॉलिशच्या यंत्राखाली साठलेल्या गाळात. भाडेकरू सुटला आणि खोली सोडून गेला. मापताईंनी तक्रार केली. कागदावर नसलेल्या घराची झडती का घेतली, एवढाच तिचा विषय. चौकशीसाठी वरच्या कचेरीतून एक अधिकारी बाई आल्या. फौजदारांचं म्हणणं साधं होतं. घरमालकिणीनं स्वखुशीनं परवानगी दिली, कुलूपवाल्यानं विचारलं नि त्या ‘उघडा’ म्हणाल्या.

काकांची पाळी काल होती. जायच्या आधी फौजदार ठेल्यावर आले, स्टुलावर बसले, काकांच्या पाठीवर हात ठेवला. “काका, खोटं बोलायला मी सांगतच नाही. बाई ‘उघडा’ म्हणाल्या की नाही?”

“म्हणाल्या.”

“झालं. जे झालं तेच सांगायचं.”

कचेरीत एक लांब टेबल होतं. अधिकारी बाई, टाइप करणारा एक कारकून, भिंतीशी फौजदार. “तुम्ही विचारलंत का?” “विचारलं.” “त्या काय म्हणाल्या?” “‘उघडा’ म्हणाल्या.” कारकुनाची बोटं चालली. अधिकारी बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “आणखी काही म्हणाल्या का?”

फौजदार छताकडे बघत होते. काका टेबलाच्या कडेकडे बघत होते.

“आठवत नाही, बाई.”

ते शब्द तोंडातून निघाले आणि काकांचे कान तापले. बाहेर आल्यावरही तापलेलेच होते. रस्त्यात कुणी हाक मारली की त्यांना वाटे, याला कळलंय.

संध्याकाळी बायकोनं ताट वाढता वाढता विचारलं, “काय सांगितलंत?”

“खरं तेच सांगितलं. ‘उघडा’ म्हणाल्या.”

“एवढंच?”

“मी शब्द ऐकला तो सांगितला.”

काकूंनी ताट त्यांच्यासमोर जरा जोरातच ठेवलं. “शब्द ऐकलात नि सूर ऐकला नाहीत? कुलपातली पट्टी कुठं सरकली ते ऐकू येतं तुम्हाला. मी रागानं ‘जा’ म्हणते तेव्हा जाता का कधी? बसून राहता दगडासारखे!”

“ते वेगळं.”

“काय वेगळं? त्या मास्तरांच्या सासूबाई ‘नको’ म्हणाल्या, तेव्हा बरं कळलं तुम्हाला, उघडायचंय म्हणून? ‘नको’चा ‘हो’ कळतो नि ‘उघडा’चा ‘नको’ कळत नाही? इतके भोळे तुम्ही कधीपासून?”

काकांनी घास मोडला आणि तसाच ठेवला. थोड्या वेळानं काकू म्हणाल्या, पण आवाज उतरलेला होता, “मी तिच्याकडे कपडे शिवून घेते, माझी मुलगीही घेते. आता आम्ही माप द्यायला उभ्या राहतो नि कुठं बघावं ते आम्हाला कळत नाही. तीच म्हणते, वर बघा, मान वाकवलीत तर गळा चुकेल.”

न कळल्याचं सोंग बायकोसमोर टिकत नव्हतं आणि खरं तर काकांना ते स्वतःसमोरही टिकवता येत नव्हतं. ऐकल्या क्षणी कळलं होतं. ‘या की’ म्हणून बोलावणारा आणि ‘या की’ म्हणून हाकलणारा कोणता, हे तान्ह्या पोरालाही कळतं. पण पाठीशी साहेब उभे होते, नियमाप्रमाणे विचारून झालं होतं आणि उत्तरात हवा तो शब्द होता. मामांनी दिलेला नियम काकांनी छत्रीसारखा डोक्यावर धरला आणि तिच्याखालून तार घातली. ट्रंक घेऊन आलेला तो गृहस्थ तरी बरा. निदान तो गडबडला होता.

मास्तरांचं कुलूप अखेर उघडलं. काकांनी किल्ली कापून दिली, मास्तर सायकलवर टांग टाकून गेले. काकांनी ठेल्याची फळी लावली, पेटी आत सारली आणि हात पुसत मापताईंच्या गल्लीकडे निघाले. पेटी न घेता ते या गल्लीत क्वचितच आले होते. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना.

दार उघडंच होतं. मशीन चालू होतं. पुढची भाड्याची खोली अजून रिकामी. आतलं कपाट दिसत होतं. चोरकप्प्याचं कुलूप काढून टाकलेलं, कुलपाच्या भोकातून कापडाची एक चिंधी ओवून गाठ मारलेली. काका उंबऱ्याबाहेर थांबले आणि खाकरले.

मापताईंनी वर बघितलं. “कुलूपवाले का? या की. तुम्हाला कुठलं दार अडतं!”

यापूर्वी त्या ‘भाऊ’ म्हणत. काका उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. या वेळी त्यांनी सूर ऐकला आणि पाय उचलला नाही.

“ते कुलूप... दुसरं चांगलं बसवून देतो,” ते म्हणाले. बोलता बोलताच त्यांना कळलं की भलतंच बोललो.

“कशाला? गाठ बरी. गाठ सुटली की निदान दिसतं, कुणी सोडली.” त्यांनी कापड सरळ केलं. “अजून मोहरी सापडते. काल पायडलमध्ये निघाली. बोला, कशासाठी आलात?”

“काल माझा जबाब झाला.”

“माहीत आहे. चौकशीच्या बाईंनी मला वाचून दाखवला. उघडा म्हणाल्या, आणखी काही आठवत नाही.”

“आठवतं.”

“तेही माहीत आहे. तुमचा हात थांबला होता.” मापताईंनी पायडल मारलं, थोडी शिवण घातली आणि मशीन थांबवलं. “सगळे माझ्याकडे बघत होते. मी तुमच्या हाताकडे बघत होते. तो थांबला तेव्हा मला वाटलं, सुटले. मग तार आत गेली. हवालदाराचा मला राग नाही एवढा. त्याला काय कळत होतं, कापूस कुठला नि खडे कुठले. तुम्हाला कळलं होतं.”

काका चौकटीला धरून उभे होते. चौकटीचा रंग ठिकठिकाणी निघाला होता आणि ते त्या निघालेल्या रंगाकडे बघत होते. समोरच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. पूर्वी काकांनी वळून विचारपूस केली असती.

“उद्या बाई चौकशी संपवतायत,” ते शेवटी म्हणाले. “त्याआधी जाऊन सगळं सांगावं म्हणतो. पण तुम्ही तेव्हा जे बोललात ते तिथं बोलावं लागेल. कारकून असेल, साहेब असतील. तुमचे शब्द आहेत ते. माझे नाहीत. म्हणून...” सकाळपासून अडकलेला शब्द वेगळ्या रूपानं बाहेर आला. “सांगू का?”

मापताईंनी उरलेली शिवण पुरी केली, दोरा दातांनी तोडला, कापड झटकलं. काका थांबले.

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर नाही.”

“म्हणजे माझी तक्रार बुडाली नि तुमचं तोंडही झाकलं. बरी सोय आहे. वर म्हणायला मोकळे, मी तर विचारलं होतं.”

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच, तेही मनात कुठेतरी होतं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर छातीवरचा दगड उतरला असता, हे त्यांना त्या बोलल्यावर कळलं. मापताईंनी माप बरोबर घेतलं होतं.

“सांगा,” मापताई म्हणाल्या. “पण सांगायचं तर पुरतं सांगा. ‘उघडा’ नाही म्हटलं मी. ‘उघडा की’ म्हटलं. तो ‘की’ गाळू नका. आणि पुढचं वाक्यही. मीही येणार आहे. माझ्यासमोर सांगा.”

“तुमच्यासमोर?”

“मग? बोलले मी तेव्हा तुम्ही समोर होतात. आता तुम्ही बोलताना मी असते.” त्यांनी पुढचं कापड मशीनवर घेतलं. “आणि हात थांबला होता तेही सांगा. ते मी सांगितलं तर कोण ऐकणार?”

काकांनी मान हलवली. आणखी काहीतरी बोलायचं होतं, माफीसारखं काही, पण पायडल सुरू झालं होतं आणि त्या आवाजावरून बोलणं म्हणजे पुन्हा न विचारता आत शिरणं झालं असतं. ते परतले.

कचेरीतला कारकून डबा उघडायच्या बेतात होता. “पुन्हा जबाब? काल झाला की तुमचा.”

“एक शब्द राहिला.”

“कुठला?”

“की.”

“किल्ली?”

“नाही हो. ‘उघडा की’मधला की.”

कारकुनानं डब्याचं झाकण पुन्हा लावलं आणि काकांना नीट न्याहाळलं. “काका, एवढ्याशा ‘की’साठी मी पुन्हा सगळा कागद टाइप करू? त्यानं काय फरक पडतो?”

“पडतो. आणि त्यापुढचं एक वाक्यही आहे.”

“काल आठवत नव्हतं ना?”

“काल आठवत होतं,” काका म्हणाले.

कारकून आत जाऊन आला. “उद्या अकराला या, म्हणाल्या बाई. जबाब बदलायचा तर काल खोटं का बोललात हेही विचारतील, तयारीनं या. फौजदारसाहेबांना कळवायचं आहे, नियम आहे.”

कळवणं काकांच्या पायांपेक्षा जलद गेलं. ते ठेल्यावर पोचले तेव्हा हवालदार स्टुलावर बसलेला होता, तोच, कात्रीवाला. उठला नाही. काकांच्या कानशीशी उगाच चाळा करत होता.

“काका, साहेब म्हणतात भिंत रंगवायची आहे. ठेला जरा पलीकडे न्यावा लागेल.”

“पलीकडे कुठं? पलीकडे नाला आहे.”

“ते मला काय माहीत. मी निरोप सांगतोय.” त्यानं कानस खाली ठेवली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाला, “काका, ते... मोहरीचं. मला खरंच माहीत नव्हतं हो ते काय होतं.”

“मला होतं,” काका म्हणाले. “म्हणजे, ते काय होतं ते नव्हतं माहीत. उघडायचं नव्हतं, हे माहीत होतं.”

हवालदार उठला, टोपी नीट केली आणि फाटकातून आत गेला. उरलेली दुपार काकांनी दोन किल्ल्या कापल्या आणि एका पेटीचं गंजलेलं कुलूप तेल घालून मोकळं केलं. पेटी एका म्हातारीची होती. तिला त्यांनी विचारलं, “आजी, उघडू का?” आवाज घोगरा आला. म्हातारी म्हणाली, “उघड बाबा.” तरी काकांनी तिच्या तोंडाकडे बघून घेतलं, खरोखरच म्हणते ना म्हणून, आणि मगच तार घातली.

ऊन उतरल्यावर त्यांनी हत्यारं पुसून पेटीत भरली. मामांच्या वेळच्या लाकडी पाटीवरचं जुनं लिहिलेलं ओल्या फडक्यानं पुसलं आणि खडूनं नवीन लिहून ती फळीला अडकवली. उद्या अकरा वाजता त्यांना कचेरीत हजर राहायचं होतं. पाटीवर लिहिलं होतं, ‘उद्या दुकान दुपारी एक वाजता उघडेल.’